दहा जुन्या फायली

कायनेसिऑलॉजी हा शब्द आपल्याकडे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो तो अभ्यासक्रमातल्या एका विषयाचं नाव म्हणून. गुडघा कितपत वाकला की कोणत्या स्नायूवर किती भार येतो, हात वर नेताना खवाट्याचं हाड कसं सरकतं, हे परीक्षेपुरतं घोटायचं आणि पुढच्या वर्षाला लागायचं. कॅनडात मात्र या नावाचा स्वतंत्र पेशा उभा राहिला आहे. ओंटारिओ प्रांतातल्या वॉटर्लू विद्यापीठात 1967 साली कायनेसिऑलॉजीचा विभाग सुरू झाला. हा जगातला पहिलाच, असं ते विद्यापीठ सांगतं. तिथून आणि पुढे इतर विद्यापीठांतून बाहेर पडलेले पदवीधर कारखान्यांत, दवाखान्यांत, विम्याच्या दाव्यांवर चालणाऱ्या रिहॅब केंद्रांत कामाला लागले, आणि 2007 च्या कायनेसिऑलॉजी कायद्यानं त्यांना ओंटारिओत आरोग्यसेवकांच्या पंगतीत बसवलं. कायद्याचा प्रत्यक्ष अंमल 1 एप्रिल 2013 पासून सुरू झाला. तेव्हापासून तिथल्या कायनेसिऑलॉजिस्ट कॉलेजकडे नोंदणी केल्याशिवाय कुणाला ही पदवी नावापुढे लावता येत नाही. (कॉलेज या शब्दानं फसू नये. तिथे वर्ग भरत नाहीत. आपल्याकडे कौन्सिल जे काम करते ते हे कॉलेज करतं.)

ओंटारिओच्या कायद्यात काही जोखमीच्या कृती राखीव आहेत: रुग्णाला रोगाचं निदान कळवणं, त्वचेखाली सुई घालणं, मणक्याच्या सांध्याला झटका देऊन तो हलवणं वगैरे. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, कायरोप्रॅक्टर अशा पेशांना यातल्या काही काही वाटून दिल्या आहेत. कायनेसिऑलॉजिस्टच्या वाट्याला एकही आलेली नाही. त्याचं काम माणसाची हालचाल तपासायचं, ती टिकवायचं, गेली असेल तर परत मिळवून द्यायचं. म्हणजे त्याच्याकडे औषध नाही, सुई नाही, हाड बसवण्याची हातोटी नाही. आहे ते निरीक्षण, मोजमाप, व्यायामाची निवड आणि समजावून सांगणं. त्याचं सगळं भांडवल डोक्यातलं. असल्या पेशात ज्ञान शिळं झालं तर ते झाकायला दुसरं काही उरत नाही. म्हणून नोकरीत असताना शिकत राहण्याचा प्रश्न इथे सर्वांत टोकदार होतो, आणि म्हणूनच तो सोडवण्याची नेहमीची रीत, म्हणजे वर्षाकाठी इतक्या तासांचे वर्ग आणि इतकी प्रमाणपत्रं, तपासून पाहण्यासारखी आहे. ती रीत अपुरी आहे आणि तिचं अपुरेपण तासांच्या कमतरतेत नाही, असं मला वाटतं.

आधी ज्ञान शिळं कसं होतं ते पाहू. पाय मुरगळला की बर्फ लावा, पट्टी आवळा, पाय उंच ठेवा आणि हलवू नका, हा सल्ला आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीच्या क्रिकेटमध्ये मिळेल. त्याचं इंग्रजी लघुरूप ‘राइस’ अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी 1978 मध्ये आपल्या पुस्तकातून रूढ केलं. 2014 मध्ये खुद्द मिर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे भरून येण्याला उशीर होऊ शकतो. कारण सूज हा शरीराचा निव्वळ अपघात नाही. दुरुस्तीचं कामगार पथक त्याच वाटेनं येतं. 2019 मध्ये कॅनडातल्याच दोन फिजिओथेरपिस्टांनी, ब्लेझ द्युब्वा आणि झाँ-फ्रान्स्वा एस्क्युलिए यांनी, जुन्या लघुरूपाच्या जागी ‘पीस’ आणि ‘लव्ह’ अशी जोडगोळी सुचवली. तिच्यात बर्फाला जागाच नाही. पहिल्या काही दिवसांनंतर सोसेल तितका भार घालणं, आशा टिकवणं आणि रुग्णाला नीट समजावणं यांना आहे. आता यावरून बर्फ म्हणजे विष असा निष्कर्ष काढणारेही निघाले. तेही घाईचंच. बर्फाच्या बाजूचा पुरावा जसा तुटपुंजा, तसा विरोधातलाही. पण सल्ल्याचा गुरुत्वमध्य विश्रांतीकडून भाराकडे सरकला, एवढं नक्की. आणि नव्वदच्या दशकात पदवी घेतलेल्या माणसाच्या वहीत तो सरकलेला नसणार.

कंबरदुखीची गोष्ट याहून बोचरी आहे. एके काळी कंबर धरली की आठवडाभर पलंग हा ठरलेला उपाय होता. 1986 मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी 203 रुग्णांत चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले: एकाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे 45 टक्क्यांनी कमी झाले आणि बाकी कशात फरक पडला नाही. पुढे 1995 मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. त्यात तीन गट होते. एकाला दोन दिवस झोपवलं, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तसं रोजचं चालू ठेवा. लवकर सावरला तो तिसरा गट. विश्रांती हरली हे आपण आनंदानं ऐकतो. पण ताज्या दुखण्यात व्यायामाचा गटही साध्या ‘चालू ठेवा’च्या मागे राहिला. व्यायाम देणं हाच ज्याचा धंदा, त्यानं पहिल्या आठवड्यात व्यायाम न देण्याचा निर्णय घ्यायचा, हे ज्ञान परिषदेत टिपून घ्यायला सोपं आहे. दवाखान्यात रुग्ण समोर बसलेला असताना, त्याच्या चेहऱ्यावर ‘काहीतरी करा हो’ असं लिहिलेलं असताना, ते अमलात आणणं वेगळं.

तिसरं उदाहरण टाचेच्या वरच्या जाड शिरेचं, म्हणजे अकिलिस टेंडनचं. स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये हौशी धावपटूंच्या जुनाट दुखण्यावर एक कडक क्रम प्रसिद्ध केला: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, 15 वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे रोज. हिशेब केला तर दिवसाला 180 वेळा. अभ्यासातले 15ही जण पुन्हा धावू लागले आणि हा क्रम जगभर मंत्रासारखा पाठ झाला. 2015 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तोच क्रम आणि आठवड्यातून फक्त तीनदा करायचे जड वजनाचे सावकाश व्यायाम समोरासमोर ठेवले. निकाल सारखाच. म्हणजे आल्फ्रेडसन चुकले नव्हते. 180 या आकड्यात जादू नव्हती, इतकंच. ज्या बाईला दोन पाळ्यांत काम करून घरी मुलं सांभाळायची आहेत, तिला दिवसातून दोनदा 90 वेळा पायरीवर उभं करणं म्हणजे तिनं व्यायाम सोडावा अशी व्यवस्था करणं. इथे नव्या ज्ञानानं जुनं खोडून काढलेलं नाही, त्याची मक्तेदारी काढली आहे. असा बदल पकडणं सगळ्यांत अवघड, कारण जुनं करत राहिलं तरी कुणी चूक म्हणत नाही.

मग उपाय काय? सरकारं आणि कौन्सिलं एकच जाणतात: पाठवा वर्गाला. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत 30 क्रेडिट गुण जमवावे लागतात, तसं. मोजता येतं, दाखवता येतं, फाइलला लावता येतं. या रीतीचा परिणाम किती, हेही मोजून झालेलं आहे. टोरांटोचे डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पुरावा चाळून दाखवलं की नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या वागण्यात फरक पडल्याचं दिसत नाही. जिथे करून बघायला, बोलायला, सराव करायला वाव होता तिथे थोडा पडला. वैद्यकीय पुराव्याचे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2009 च्या आढाव्यात 81 चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा शैक्षणिक सभा-वर्गांमुळे अपेक्षित पद्धतीप्रमाणे वागण्याचं प्रमाण साधारण 6 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. शंभर वेळा योग्य गोष्ट करायची होती आणि पन्नास वेळा होत होती, तर वर्गानंतर छप्पन्न वेळा. हे काही शून्य नव्हे. पण त्याच आढाव्यातली दुसरी ओळ मला महत्त्वाची वाटते: वागणं गुंतागुंतीचं असेल, तर वर्गांचा परिणाम जवळपास दिसेनासा होतो. दुखापतीनंतरच्या रिहॅबमध्ये गुंतागुंतीचं नसलेलं वागणं शोधून सापडायचं नाही.

शिवाय वर्गांचा एक बाजार असतो आणि बाजारात खपतं ते हातात धरता येणारं. जपानचे केंझो कासे यांनी सत्तरच्या दशकात तयार केलेली रंगीत लवचीक चिकटपट्टी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यांवर जगानं पाहिली आणि ती चिकटवायला शिकवणाऱ्या शनिवार-रविवारच्या वर्गांना पेव फुटलं. 2014 मध्ये 12 चाचण्यांचा आढावा निघाला. खोटी पट्टी लावली काय आणि खरी लावली काय, फरक फारसा नाही, किंवा इतका थोडा की रुग्णाला जाणवू नये. वर्ग काही बंद पडले नाहीत. कारण उघड आहे. रविवारी शिकलेली पट्टी सोमवारी रुग्णाच्या गुडघ्यावर दिसते. रुग्ण खूश, मालक खूश, शिकणारा खूश. याउलट ‘पहिल्या आठवड्यात कंबरेचे व्यायाम देऊ नका’ या विषयावर दोन दिवसांचा वर्ग काढा आणि पैसे भरून कोण येतं ते बघा. सतत शिकण्याच्या नावाखाली पेशात नवीन गोष्टी येत राहतात, जुन्या जात नाहीत. माळ्यावर सामान टाकत जावं तसं होतं: रोज थोडी भर, आणि दिवाळीची साफसफाई कधीच नाही.

ओंटारिओच्या कायद्याला याचं श्रेय दिलं पाहिजे की त्यानं तासांचा आकडा धरून बसायचं टाळलं. 1991 च्या आरोग्यपेशा कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक कॉलेजला गुणवत्तेचा कार्यक्रम चालवावा लागतो आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: शिक्षण चालू ठेवणं, स्वतःचं, सहव्यावसायिकांकडून आणि प्रत्यक्ष कामाचं मूल्यमापन, आणि सभासद हे सगळं करतात की नाही यावर कॉलेजची नजर. कायनेसिऑलॉजिस्टही याच चौकटीत स्वतःची परीक्षा घेतो, शिकण्याची उद्दिष्टं लिहितो, त्यांचा पाठपुरावा करतो, आणि कॉलेजनं निवडलं तर त्याच पेशातला दुसरा माणूस येऊन त्याचं काम पाहतो. कायद्यानं आणखी एक शहाणपण केलं: या कार्यक्रमात उघड झालेली माहिती गोपनीय राहते, शिस्तभंगाच्या कारवाईत ती सभासदाविरुद्ध वापरली जात नाही. कबुलीजबाबाला शिक्षा असेल तर कबुली कोण देईल, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं.

पण या चौकटीतला स्वतःच्या परीक्षेचा खांबच पोकळ आहे. आपण कुठे कमी पडतो हे आपल्यालाच ठरवायला सांगितलं, तर ते जमतं का? 2006 मध्ये, पुन्हा डेव्हिस यांच्याच गटानं, डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्यांनी मोजलेली कामगिरी यांची 20 ठिकाणची तुलना तपासली. त्यातल्या 13 ठिकाणी दोन्हींचा मेळ थोडासाच होता, किंवा अजिबात नव्हता, किंवा उलटा होता. सर्वांत चुकीचा अंदाज कुणाचा? ज्यांचं कौशल्य सर्वांत कमी त्यांचा, आणि ज्यांना स्वतःची सर्वांत जास्त खात्री त्यांचा. म्हणजे आत्मपरीक्षणावर बेतलेला शिक्षणाचा आराखडा नेमका तिथेच फसतो जिथे त्याची गरज असते. ज्याला खांद्यात रस आहे तो खांद्याचे आणखी वर्ग करतो. घोट्याचं जे दहा वर्षांपूर्वी मागे पडलं ते त्याच्या उद्दिष्टांत येतच नाही, कारण ते मागे पडलंय हे त्याला दिसत नाही.

इथे अनुभवी मंडळी म्हणतील, आणि त्यांचं ऐकायला हवं, की रोज आठ-दहा रुग्ण हाताखालून जातात, तेच खरं शिक्षण. बोटांना जे कळतं ते आढाव्यांत नसतं. यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? पण नुसती वर्षं जमवून हात सुधारतो, हे खरं निघालेलं नाही. 2005 मध्ये नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांची सेवेची वर्षं आणि कामाची प्रत यांच्या संबंधाची 62 मूल्यमापनं एकत्र केली. निम्म्याहून अधिक ठिकाणी वर्षं वाढतील तशी प्रत सगळ्याच बाबतींत उतरत गेलेली होती. अनुभवानं शिकायचं तर त्यानं खरं उत्तर परत द्यावं लागतं. सुताराला मिळतं: सांधा बसला नाही तर खुर्ची डुगडुगते. रिहॅबमध्ये मुरगळलेले घोटे आणि धरलेल्या कंबरा बहुतेक वेळा आपोआपच बऱ्या होत असतात. सर्दीला औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर आठवडा, हा विनोद इथेही लागू. रुग्ण येतो तो दुखणं शिगेला असताना. त्यानंतर ते उतरणारच असतं, आणि उताराच्या काळात जे काही केलं, पट्टी, बर्फ, मालिश, त्याला श्रेय जातं. जो बरा होत नाही तो बहुधा सांगायला परत येत नाही. त्याची वेळ रिकामी पडते आणि दुसरा रुग्ण त्या जागी बसतो. वीस वर्षं असा माल पाहिलेल्या माणसाला आपले सगळेच उपाय लागू पडतात असं वाटलं, तर त्याचा दोष नाही. त्याला मिळालेला नमुनाच चाळलेला असतो.

म्हणून माझा रोख वर्गांवरून आणि आत्मपरीक्षणावरून उठून एका कंटाळवाण्या गोष्टीवर येतो: जुन्या नोंदी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं. इंग्रजीत याला ऑडिट म्हणतात आणि त्या शब्दानं हिशेबनीसाची आठवण येऊन अंगावर काटा येतो, पण कृती साधी आहे. यावर टोरांटोचेच नोआ आयव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 140 अभ्यासांचा कॉक्रेन आढावा केला. मध्यम परिणाम 4.3 टक्के. चाणाक्ष वाचक इथे मला पकडेल: वर्गांना 6, आणि तुमच्या लाडक्या उपायाला 4.3? आकडे तसेच आहेत, ते लपवून भागणार नाही. मात्र या मध्यम आकड्याच्या दोन्ही अंगांना काय आहे ते पाहावं. पाव अभ्यासांत परिणाम अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता, आणि पाव अभ्यासांत 16 टक्क्यांहून जास्त. जास्त कुठे होता, हेही त्यांनी वेगळं काढलं: मुळात काम कच्चं होतं तिथे, वरिष्ठानं किंवा सहकाऱ्यानं सांगितलं तिथे, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा सांगितलं तिथे, बोलून आणि लिहून दोन्ही प्रकारे, आणि पुढे नेमकं काय गाठायचं हे ठरवून दिलं तिथे. थोडक्यात, निनावी कागद टपालानं पाठवला तर तो केराच्या टोपलीत जातो, शेजारच्या खोलीतल्या माणसानं चहा घेता घेता दाखवला तर डोक्यात राहतो. वर्गाची प्रत सुधारायला चांगला वक्ता, चांगली जागा, पैसे लागतात; या रीतीची प्रत सुधारायला कुणी कुणाला, किती वेळा आणि कसं सांगायचं एवढंच बदलावं लागतं.

दुसरा आक्षेप: हे सगळे अभ्यास डॉक्टरांवरचे किंवा फार तर एकूण आरोग्यसेवकांवरचे, कायनेसिऑलॉजिस्ट हा पेशा नवा, त्याच्यावरचं असं संशोधन थोडं. हे खरं आहे आणि त्यामुळे इथला युक्तिवाद साधर्म्यावर उभा आहे. पण शेजारच्या घरातला पुरावा हाताशी आहे. 2019 मध्ये सिडनीच्या जोशुआ झाड्रो आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या फिजिओथेरपिस्टांचे उपचार मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहिले. हाडा-स्नायूंच्या दुखण्यांत शिफारस केलेले उपचार निवडणाऱ्या फिजिओथेरपिस्टांचं मध्यम प्रमाण सर्वेक्षणांत 54 टक्के, आणि नोंदी तपासल्या तिथे ते उपचार मिळालेल्या रुग्णांचं 63 टक्के निघालं. बाकीच्यांचं अज्ञान हेच कारण, असं मी म्हणणार नाही; पण ज्या पेशात वर्गांची आणि प्रमाणपत्रांची रेलचेल आहे, तिथली ही स्थिती आहे. आपल्याकडे फिजिओथेरपी 2021 च्या संलग्न आरोग्यसेवांच्या केंद्रीय कायद्याखाली आली आहे. इथे नूतनीकरणाच्या अटी ठरवणाऱ्यांनी ओंटारिओकडे एकदा पाहावं. तासांचा कोटा ठरवणं सर्वांत सोपं असल्यामुळे तोच पहिला सुचतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत वजनदार. ओंटारिओत मोटार अपघातातल्या किरकोळ दुखापतींच्या उपचाराला विम्यातून 3,500 डॉलरची कमाल मर्यादा आहे. एवढ्यात फिजिओथेरपी, मालिश, व्यायाम, तपासणी सगळं बसवायचं. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला फाइल वाचायच्या तासाचे पैसे कोण देणार? आणि एकट्या चालवलेल्या केंद्रात वाचणारा सहकारी आणायचा कुठून? समोरच्या रस्त्यावरचा कायनेसिऑलॉजिस्ट हा प्रतिस्पर्धी असतो. त्याला आपली भांडी दाखवायची? गोपनीयतेचं कलम इथे कामाला येतं, पण ते कॉलेजनं योजलेल्या तपासणीपुरतं. दोघांनी आपसात केलेल्या वाचनाला ते छत्र नाही, आणि रुग्णांची नावं झाकण्याची जबाबदारी उरतेच. तरी हिशेब करून पाहावा. शनिवार-रविवारच्या एका वर्गाची फी, प्रवास आणि बुडालेली कमाई यांत सहा महिन्यांतून एक दुपार सहज निघते. प्रतिस्पर्धी नको असेल तर दुसऱ्या शहरातला माणूस पडद्यावर चालतो. खरी अडचण पैशापेक्षा लाजेची आहे, असा माझा अंदाज.

आणि नोंदीत न उतरणाऱ्या गोष्टींचं काय? ओंटारिओत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याला कुणी मायदेशी सांगून ठेवलेलं असतं की ‘मणक्यातली गादी सरकली आहे’. हे तीन-चार शब्द माणसाला वाकायची कायमची धास्ती लावतात. गादी म्हटलं की ती पलंगावरून घसरल्यासारखी डोळ्यांपुढे येते. पुन्हा जागेवर कोण ढकलणार? ही धास्ती काढण्यासाठी काय बोललं गेलं, किती वेळ ऐकून घेतलं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? मान्य. फाइल सगळं सांगत नाही. पण बोलण्याची तपासणीही अशक्य नाही: रुग्णाच्या परवानगीनं एक भेट सहकाऱ्यानं कोपऱ्यात बसून पाहावी. आणि रुग्णानं स्वतःच्या दुखण्याचं कारण काय मानलं आहे, हे एका ओळीत लिहून ठेवायला रकाना हवा. तो बऱ्याच छापील अर्जांत नसतो, हीच पहिली शिकण्याची गोष्ट.

मग प्रत्यक्षात हे कसं दिसेल? समजा, टोरांटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनमध्ये, जिथे गोदामं आणि ट्रकचे तळ दाटीनं आहेत, एक कायनेसिऑलॉजिस्ट खांद्याच्या दुखापतींचं काम करते. गेल्या वर्षातल्या खांद्याच्या दहा फायली ती न निवडता, तारखेच्या क्रमानं काढते आणि नावं झाकून सहकाऱ्यापुढे ठेवते. दोघांनी आधी ठरवलंय की चारच गोष्टी बघायच्या. पहिल्या भेटीत खांदा-हाताच्या अडचणी मोजणारी डॅश प्रश्नावली भरून घेतली का? (ती टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थनं अमेरिकी अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेबरोबर 1996 मध्ये तयार केली, 30 प्रश्न, घट्ट बरणी उघडण्यापासून किल्ली फिरवण्यापर्यंतचे, आणि 0 ते 100 गुण.) सहा आठवड्यांत ती पुन्हा भरली का? माणूस कामावर नेमकं काय उचलतो, किती किलो, किती उंचीवर, हे लिहिलंय का? आणि व्यायामाचा भार वाढत गेला का?

पहिल्या दोन प्रश्नांना निम्म्या फायली उत्तर देतात. तिसऱ्याला तीन. बाकी सातांत ‘गोदाम कामगार’ एवढंच आहे. तो खोके कमरेपर्यंत ठेवतो की डोक्यावरच्या फळीवर, कळायला मार्ग नाही. चौथ्या प्रश्नाला सहकारी एका फाइलवर थांबतो. व्यायामाच्या तक्त्यात आठ भेटी आहेत. रबरी पट्टे हलक्यापासून जडापर्यंत रंगांनी ओळखायचे, पिवळा, मग तांबडा, मग हिरवा, मग निळा. या तक्त्यात पहिल्या भेटीला लिहिलंय: पिवळा, 10 वेळा, तीन फेऱ्या. दुसऱ्या भेटीला तेच. आठव्या भेटीलाही तेच, फक्त शाई वेगळी. सहकारी विचारतो, रंग का नाही बदलला? ती म्हणते, दुखत होतं त्याला. तो पान उलटून दुखण्याचा रकाना दाखवतो. दुखणं पहिल्या भेटीत 6, दुसऱ्या भेटीत 5 असं लिहिलंय. तिसऱ्यापासून रकाना कोरा आहे. ती फाइल स्वतःकडे ओढते, तारखा पाहते आणि पुढची फाइल उघडायच्या आधी तिच्या तक्त्यातला रंगाचा रकाना शोधू लागते.